बाजारभावाच्या रकान्याशेजारी बाष्पीभवनाचा आकडाही छापावा

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

आपल्या दैनिकात मार्केट यार्डातील भाजीपाल्याचे दर रोज छापून येतात आणि आमच्यासारखे टोमॅटो पिकवणारे शेतकरी वर्तमानपत्र हातात येताच सर्वांत आधी तो रकाना पाहतात. दर ठरवणे आमच्या हातात नसते, तरी तो आम्ही चुकवत नाही. पिकाला आज किती पाणी द्यायचे हे मात्र बऱ्याच अंशी आमच्या हातात असते आणि ते ठरवण्यासाठी जो आकडा लागतो तो आम्हाला कुठेही सहजपणे वाचायला मिळत नाही. हा आकडा बाष्पीभवनाचा, मिलिमीटरमध्ये मोजलेला. तो आपण आठवड्यातून दोनदा तरी छापावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एका आकड्यासाठी इतके लांब पत्र कशाला, असे वाटू नये म्हणून ठिबकवर टोमॅटो करताना माझे काय चुकले आणि पुढे हिशेब कसा बसला, ते सविस्तर मांडतो.

हातकणंगले तालुक्यात माझे अडीच एकर रान आहे आणि त्यातला एक एकर गेली नऊ वर्षे भाजीपाल्याला ठेवला आहे. ठिबकचा संच अनुदानातून घेतला. केंद्राच्या सूक्ष्म सिंचन योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे, आणि राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेने त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेले आहे. ही मदत मोठी आहे आणि तिच्याशिवाय माझ्यासारख्याच्या रानात लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळ्या, पडल्याच नसत्या, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु संच जोडून झाल्यावर मोटर सुरू करून सगळ्या ड्रीपरमधून, म्हणजे नळीवरच्या तोट्यांतून, थेंब पडताना दाखवले गेले, फोटो निघाला, कागदावर सही झाली, आणि रोज किती वेळ चालवायचे असे मी विचारले तेव्हा 'रान भिजेपर्यंत' एवढेच उत्तर मिळाले. त्या माणसाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यालाही कोणी वेगळे सांगितलेले नसावे.

'रान भिजेपर्यंत' हे आमचे जुने माप आहे. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले तेव्हापासून आणि पुढे नदीनदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले तेव्हापासून या जिल्ह्यातल्या नदीकाठाला पाण्याची फारशी ददात राहिली नाही. उसाच्या सरीत पाणी सोडायचे, ते दुसऱ्या टोकाला पोचले की बारे मोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचे, आणि मग वाफशाची, म्हणजे माती बेताची ओली होण्याची, वाट पाहायची, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली. ठिबक आले तरी डोळा तोच राहिला. बेडवर, म्हणजे गादीवाफ्यावर, दोन ड्रीपरचे ओले गोल एकमेकांना मिळाले, सरीतही ओल दिसू लागली, की मन भरते. मी सुद्धा पहिली तीन वर्षे दिवसाआड तीन तास ठिबक चालवत होतो आणि पाटपाण्याच्या मानाने आपण केवढे पाणी वाचवले, असे समजत होतो.

आता हिशेब पाहावा. माझ्या रानात बेड पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर आहेत. एकराचे क्षेत्र ४,०४७ चौरस मीटर धरले तर सुमारे २,७०० मीटर लॅटरल लागते. दर ४० सेंटिमीटरला एक ड्रीपर आणि तो ताशी ४ लिटरचा, म्हणजे ६,७५० ड्रीपरमधून एका तासात २७,००० लिटर पाणी पडते. तीन तासांत ८१,००० लिटर. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी तो दोनदा तपासून पाहिला.

पिकाची गरज काढण्याची रीतही अवघड नाही. वेधशाळेत सुमारे १२१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोलीचे एक गोल पात्र ठेवलेले असते. पक्ष्या-प्राण्यांनी पाणी पिऊ नये म्हणून आपल्या देशात त्यावर जाळी घालतात. चोवीस तासांत त्यातले पाणी जितके मिलिमीटर आटते तो त्या दिवसाचा बाष्पीभवनाचा आकडा. उघड्या पात्रातून पाणी रानापेक्षा जास्त आटते म्हणून त्याला साधारण ०.७ ने गुणायचे, आणि मग पिकाच्या वाढीनुसार त्याची पाण्याची गरज दाखवणाऱ्या पीक गुणांकाने गुणायचे. टोमॅटोचा हा गुणांक लागणीनंतर ०.६ च्या आसपास असतो, फुले-फळे भरात असताना १.१५ पर्यंत चढतो आणि तोडे संपत आले की ०.७ ते ०.९ वर उतरतो. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. उन्हाळ्यात पात्रातले बाष्पीभवन ७ मिलिमीटर असेल आणि पीक फळांनी लगडलेले असेल तर ७ गुणिले ०.७ गुणिले १.१५, म्हणजे जवळपास ५.६ मिलिमीटर, म्हणजे साधारण २२,८०० लिटर. संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर रोज २५,३०० लिटर सोडावे लागतील, आणि माझ्या संचावर त्याला ५६ मिनिटे पुरतात. हेच बाष्पीभवन हिवाळ्यात ४ मिलिमीटरवर आले की गरज १४,५०० लिटरवर येते आणि ३२ मिनिटांत काम होते. मल्चिंग पेपर अंथरला असेल तर त्यातूनही दहा ते तीस टक्के कमी करावे लागतात.

याचा अर्थ असा, की डिसेंबरमध्ये दोन दिवसांना २९,००० लिटर पुरले असते तिथे मी ८१,००० लिटर सोडत होतो. उरलेले ५२,००० लिटर मुळांच्या खाली जात होते आणि जाताना खतातले नत्र (नायट्रोजन) सोबत नेत होते. ज्याच्या लॅटरलवर ताशी २ लिटरचे ड्रीपर आहेत त्याला माझ्या दुप्पट वेळ लागेल, म्हणून मिनिटांचा आकडा शेजाऱ्याकडून उसना घेता येत नाही. तो ज्याचा त्याने आपल्या संचावर काढावा लागतो. बाष्पीभवनाचा आकडा मात्र सगळ्या शिवाराला एकच चालतो, आणि म्हणूनच तो वर्तमानपत्रात हवा.

चौथ्या वर्षी ऑक्टोबरच्या लागणीला जो फटका बसला त्याने माझे डोळे उघडले. पीक हिरवेगार, कमरेच्या वर वाढलेले, तारेवर चढवलेले, आणि पहिल्याच तोड्याला फळांची बुडे काळी पडलेली निघाली. दर चार फळांत एक टाकून द्यावे लागत होते. कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणले, फवारले, पुन्हा दुसरे फवारले, पण बुड काळे पडायचे थांबेना. हा रोग नसून फळाच्या टोकाला कॅल्शियम न पोचल्याचा परिणाम आहे, हे नंतर कळले. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढते. पाने भरपूर पाणी बाहेर टाकतात म्हणून त्यांच्याकडे ते जास्त जाते, फळाकडे कमी, आणि पाण्यात खंड पडला की सर्वांत आधी फळाचे टोक उपाशी राहते. माझ्या रानात दिवसाआड चिखल होत होता आणि मुळांना हवा मिळत नव्हती. त्यातच मोटर जळाल्यामुळे पाच दिवस पाणी बंद राहिले आणि त्यानंतर मी सवयीने, भरपाई म्हणून, पाच तास ठिबक चालवले. बुडे काळी पडली ती त्यामुळे, आणि त्याच आठवड्यात पिकायला आलेली फळे फुटली तीही त्यामुळेच. मातीत कॅल्शियम नव्हते असे नाही. आमच्या काळ्या रानात चुनखडी पुरेशी आहे. पाण्याची चाल बिघडली होती.

खताचे गणित पाण्याच्या गणिताला बांधलेले आहे, आणि माझ्या मते ठिबकचा खरा उपयोग इथेच आहे. संकरित टोमॅटोसाठी हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि १५० किलो पालाश (पोटॅश) अशी शिफारस आहे, म्हणजे एकरी १२०, ६० आणि ६० किलो. माती परीक्षणाच्या अहवालाप्रमाणे यात कमी-जास्त करावे लागते. पूर्वी मी महिन्यातून दोनदा युरियाची अर्धी गोणी ड्रमात विरघळवून सोडत असे. म्हणजे एका दिवसात दहा किलोंच्या वर नत्र जात असे, आणि वर पुन्हा तीन तास पाणी. झाडाला दोन दिवस मेजवानी आणि पुढे बारा दिवस उपवास. आता लागणीपूर्वी शेणखताबरोबर २० किलो नत्र व स्फुरदाचा निम्मा हिस्सा बेडमध्ये घालतो आणि उरलेले १०० किलो नत्र सोळा आठवड्यांत, आठवड्यातून दोनदा, अशा बत्तीस हप्त्यांत देतो. सरासरी एका हप्त्याला तीन किलोंच्या आसपास नत्र येते, पण ते सरसकट सारखे द्यायचे नसते. सुरुवातीच्या पंधरवड्यात एक किलोही पुष्कळ होते, आणि फळांचा भार असताना चार-साडेचार किलो लागते.

कोणत्या वेळी काय द्यावे, हेही वाढीवर ठरते. मुळे धरण्याच्या काळात स्फुरदाचे प्रमाण जास्त असलेले १२:६१:० किंवा १९:१९:१९ (हे आकडे खतातल्या नत्र, स्फुरद व पालाशाच्या टक्क्यांचे), पुढे फांद्या फुटताना नत्र, कळी दिसू लागली की ०:५२:३४ आणि त्याबरोबर, पण वेगळ्या दिवशी, कॅल्शियम नायट्रेट व थोडे बोरॉन, आणि फळे पोसू लागली की १३:०:४५ व शेवटी ०:०:५०. टोमॅटो नत्रापेक्षाही पालाश अधिक उचलतो, ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांच्या ध्यानात असते, आणि उसाच्या सवयीने आम्ही युरियावरच भर देतो. नत्र अति झाले की झाड पाल्याला लागते, फूल गळते आणि बुडे काळी पडण्याचे प्रमाणही वाढते. विद्राव्य खते महाग आहेत, हे खरे आहे. पण सगळेच नत्र त्यांतून देण्याची गरज नाही. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते आणि युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो. तो ड्रमात विरघळवून कापडातून गाळून घेतला की नत्राचा मोठा हिस्सा स्वस्तात भागतो, आणि महाग खत फक्त स्फुरद-पालाशासाठी वापरता येते. दुकानातून मिळणाऱ्या छापील वेळापत्रकात हा पर्याय मला कधी दिसला नाही.

एक चूक मी केली ती दुसऱ्या कोणी करू नये म्हणून लिहितो. वेळ वाचवण्यासाठी मी एकदा कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० एकाच ड्रमात टाकले. थोड्याच वेळात पाणी नासलेल्या दुधासारखे झाले. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारा साका तयार होतो, आणि सल्फेट असलेल्या खताबरोबरही कॅल्शियमचे तसेच होते. तो साका व्हेंचुरीतून, म्हणजे खत ओढून पाण्यात सोडणाऱ्या नळीतून, लॅटरलमध्ये गेला आणि पाव एकरातले ड्रीपर बुजले. आता कोणतेही नवे खत आणले की आधी काचेच्या बरणीत विहिरीच्याच पाण्यात, ड्रमातल्या प्रमाणात कालवून अर्धा तास ठेवतो. पाणी गढुळले तर ते मिश्रण रानात जात नाही. खत सोडण्याचा क्रमही पाळतो. ५६ मिनिटांची वेळ असेल तर पहिली पंधरा मिनिटे साधे पाणी, मग पंचवीस-तीस मिनिटे खत, आणि शेवटी दहा-पंधरा मिनिटे पुन्हा साधे पाणी, म्हणजे नळीत खत साठून शेवाळ धरत नाही. शेवटचे साधे पाणी त्याहून जास्त वेळ चालवले तर नुकतेच दिलेले नत्र आपणच मुळांखाली ढकलतो.

हे सगळे हिशेब ड्रीपर सारखे पाणी देत असतील तरच खरे ठरतात. ते पाहण्यासाठी घरातला औषधाचा मापाचा कप पुरतो. ताशी ४ लिटरच्या ड्रीपरखाली एक मिनिट धरला तर ६६-६७ मिलिलिटर पाणी जमले पाहिजे, आणि २ लिटरच्या ड्रीपरखाली ३३. सबमेनजवळचा, म्हणजे लॅटरलना पाणी देणाऱ्या मोठ्या नळीजवळचा पहिला, मधला आणि शेवटच्या टोकाचा असे ड्रीपर मोजले तेव्हा माझ्याकडे पहिल्याला ६८ आणि शेवटच्याला ४४ मिलिलिटर आले. म्हणजे टोकाच्या झाडांना पाणीही कमी आणि खतही कमी, आणि त्यांना पाणी पुरावे म्हणून वेळ वाढवली की जवळची झाडे बुडतात. फिल्टर साफ केला, टोकाची एंड कॅप काढून नळ्या धुतल्या, पाणी जड असल्यामुळे आम्लाची प्रक्रिया केली, तेव्हा तो फरक आटोक्यात आला. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण त्याने जीवावर बेतू शकते.

मिनिटांचे गणित कळूनही ते पाळता येत नाही, याला आमच्याकडे दोन कारणे आहेत. शेतीला थ्री फेज वीज जिथे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते, तिथे रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर ऑटो स्टार्टरवर टाकून माणूस झोपतो. वीज येते तेव्हा मोटर सुरू होते आणि जाते तेव्हा बंद होते. त्या रात्री पिकाला किती पाणी लागले हे विजेने ठरवलेले असते. साधा टायमर बसवला तर यावर बऱ्यापैकी इलाज होतो, आणि अनुदानाच्या यादीत दाबमापक, पाणी मोजण्याचे मीटर व टायमर या तिन्ही वस्तू सक्तीच्या केल्या तर संचाच्या मानाने त्यांचा खर्च फार नाही, असे माझे मत आहे. दुसरे कारण सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या पाळीचे. संस्थेचे पाणी पंधरा दिवसांनी येते, आणि ज्याला स्वतःची विहीर किंवा शेततळे नाही त्याला रोज ३२ मिनिटे पाणी आणायचे कुठून? काही जण पाळीचे पाणी विहिरीत सोडून तिथून ठिबक चालवतात. संस्थांनी ठिबकवाल्यांसाठी सामाईक साठवण टाकी करावी, हा विषय वार्षिक सभांमध्ये यायला हवा.

शिरोळ आणि हातकणंगलेच्या खालच्या भागात जास्त पाण्याने कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ठिबकने क्षार नाहीसे होत नाहीत. ते ओल्या गोलाच्या कडेला ढकलले जाऊन तिथे साठतात, आणि अवकाळीची हलकी सर आली की तेच क्षार पुन्हा मुळांकडे सरकतात. म्हणून अशा रानात पावसाची भुरभुर सुरू असताना ठिबक बंद न करता थोडा वेळ चालू ठेवावे लागते. पाऊस पडत असताना मोटर चालवणारा शेतकरी वेडा वाटतो, पण क्षारपड रानात तेच बरोबर असते.

आता माझी विनंती नेमकेपणाने मांडतो. कोल्हापूरच्या शेंडा पार्क येथे कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, शहरात कृषी महाविद्यालय आहे, आणि हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी हवामान सेवेचा सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. त्या सल्ल्यात फवारणी करावी की नाही हे असते, पण आमच्या हातात पडेल असा बाष्पीभवनाचा आकडा आणि त्याचे मिनिटांत रूपांतर नसते. आपण संबंधितांकडून मागील तीन-चार दिवसांचे सरासरी बाष्पीभवन मिळवून बाजारभावाच्या रकान्याशेजारी छापावे. गगनबावडा आणि शिरोळ यांच्या पावसात जमीन-अस्मानाचा फरक असल्याने जिल्ह्यासाठी एकच आकडा पावसाळ्यात फसवा ठरेल, म्हणून शक्य झाल्यास पश्चिमेचा एक आणि पूर्वेचा एक असे दोन आकडे द्यावेत. ऑक्टोबर ते मे या काळात, जेव्हा पीक बहुतांशी आमच्याच पाण्यावर असते, तेव्हा एका आकड्यानेही पुष्कळ काम होईल. त्याखाली टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी अशा चार पिकांचे चालू महिन्याचे पीक गुणांक दिले तर सातवी-आठवीतली मुले वडिलांना मिनिटे काढून देतील. माझ्या घरी ते काम माझी मुलगी करते.

या रकान्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा लागणार नाही. सप्टेंबरअखेर रब्बीच्या लागणी सुरू होतात. त्याआधी तो सुरू झाला तर या हंगामाच्या पहिल्या पाण्यापासून त्याचा उपयोग करता येईल.

आपला नियमित वाचक,
एक टोमॅटो उत्पादक शेतकरी
ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर